शेवंतीचा ट्रे

आमच्या घोडेगावच्या घरात भिंतीवर देवांच्या तसबिरी दोन होत्या आणि चहाचे ट्रे एकतीस. शाळेच्या मागची ती दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत वडिलांनी, म्हणजे नानांनी, छताखाली खिळ्यांची ओळ ठोकली होती आणि सुतळीची उभी-आडवी बांधणी करून एकेका खिळ्याला एकेक ट्रे टांगला होता. दुपारचा वारा सुटला की ते पत्रे भिंतीवर हलकेच आपटत. मी आणि माझी मोठी बहीण सुमन, जिला मी आक्का म्हणायचे, चटईवर पडून डोळे मिटायचो आणि कुठला ट्रे वाजला ते ओळखायचो. द्राक्षांचा ट्रे जाड होता, तो ठसका लागल्यासारखा वाजे. मोराचा पातळ होता, त्याचा आवाज बराच वेळ राहायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "लोकांच्या घरात घड्याळं वाजतात, आमच्या घरात ट्रे."

नाना प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांचा चित्रकलेचा हात चांगला होता. हे ट्रे छापील पत्र्याचे, आमच्या जन्माच्या आगेमागे, खेड्यापाड्यांतून चहा घरोघर पोचला त्या काळात निघालेले. काळ्या जमिनीवर गुलाब, निळ्यावर पोपट, चौकटी-चौकटींच्या काठात फळांची टोपली. नंतर स्टीलची भांडी आली आणि लोकांना या फुलांचा कंटाळा आला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गावात आली की बायका तिच्या पाटीत आपले छापील ट्रे टाकून स्टीलचे घेत, आणि नाना शाळा सुटल्यावर त्या बाईला चावडीपाशी गाठत. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात, जिथं दावणी संपतात त्या कडेला जुनं सामान मांडून दोघंतिघं बसायचे. बाकीचे लोक बैलाचे दात बघत तेव्हा आमचे नाना उकिडवे बसून ट्रे उलटा करून बघत असायचे.

ट्रे ओळखायचा तो पाठीवरून, असं ते म्हणत. काठ आत तार घालून वळवलेला असला तर तो जुना, नुसता दाबून मुडपलेला असला तर अलीकडचा. मग बोटाच्या पेरानं मधोमध टिचकी. मग फुलं. एकेक रंग वेगळा छापलेला असतो, हे त्यांनी मला भिंग देऊन दाखवलं होतं. एखादा रंग केसभर सरकला की तो फुलाच्या रेषेबाहेर सांडतो. असा चुकलेला ट्रे मिळाला की नाना खूश. "हे बघ," म्हणायचे, "इथं कुणाचा तरी हात हलला. सकाळी घरून भांडून आला असेल बिचारा." परवा पुण्याहून एक मुलगी आली होती. असले ट्रे ती गोळा करते. तिनं मोबाईलवर फोटो दाखवून मला विचारलं, आजी, हा कोणत्या काळातला? मी म्हटलं, बाळ, पाठ दाखव. तिनं पाठीचा फोटो काढलाच नव्हता.

प्रत्येक ट्रेच्या पाठीवर, काठाजवळ, नाना खिळ्यानं बारीक आकडा कोरत आणि एका वहीत नोंद ठेवत: कुठला, नक्षी कशी, कुणाकडून आला. पुढं माझं अक्षर बरं म्हणून ती वही माझ्याकडं आली. आपल्या शाळेतली मुलगी लग्न होऊन निघाली की नाना तिला रुखवतात ठेवायला एक ट्रे देत. त्याचीही नोंद असायची. आणि गावात कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की ट्रे मागायला आमच्याकडंच माणूस यायचं. शेजारच्या सखूकाकू तर वर्षातून तीनदा.

"गुरुजी, औंदा मोराचा द्या. गुलाबाच्या ट्रेनं मागल्या खेपेला नकार आला."

"नकार ट्रेनं नाही आला, काकू. चहात साखर नव्हती. मी प्यायलोय तो चहा."

"तुमी प्यायलात तवा साखर महाग हुती," काकू म्हणायच्या आणि मोराचा ट्रे पदराखाली धरून निघून जायच्या.

आक्कानं मात्र गुलाबाचा, मोराचा, द्राक्षांचा, सगळेच ट्रे हातात धरून झाले होते. ती तेवीस वर्षांची होती. रंगानं सावळी, उंच, मॅट्रिक झालेली. पाच वेळा तिला बघून गेले होते आणि पाच वेळा पोस्टकार्ड आलं होतं. पाचव्या कार्डानंतर ती मला म्हणाली होती, "ट्रे नेताना माझे हात थरथरत नाहीत, हेच त्यांना खटकत असेल." ती हसली होती. मी पंधरा वर्षांची होते. ते हसणं मला तेव्हा खरं वाटलं.

सहावं स्थळ पुणतांब्याचं. आमच्या नारायणमामानं आणलेलं. ते दुष्काळाचं साल होतं. आमच्याकडं रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या व्हायच्या, त्या गार झाल्या की तोडताना बोटं दुखत. पाहुण्यांसाठी आईनं कुठून तरी पोहे मिळवले होते. मुलगा प्रभाकर, घरातला एकटा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, शेती बघणारा. थोरल्या बहिणींची लग्नं व्हायची होती म्हणून याचं राहिलं, असं मामानं सांगितलं होतं. त्यानं आक्काला नाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. "काय वाचता?" असं विचारलं. आक्कानं सांगितलं. मग तो म्हणाला, "आमच्याकडं वाचनालय नदीपलीकडं आहे, पण मी आणून देत जाईन." एवढंच बोलणं. चार दिवसांनी होकाराचं कार्ड आलं, आणि त्या आठवड्यात आक्का भाकरी थापताना गुणगुणायला लागली. ती गुणगुणते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मग आम्ही त्यांचं घर बघायला निघालो: नाना, आई, मामा आणि मी. मुलीनं स्वतः जायची रीत नव्हती. म्हणून आदल्या दिवशी आक्कानं मला विहिरीवर गाठलं. "तू नीट बघून ये. घरात उजेड कसा आहे, पाणी कुठून भरतात, खिडकीपाशी बसायला जागा आहे का. आईला हे दिसायचं नाही आणि नाना सांगायचे नाहीत." आईनं निघताना नानांना बजावलं, "तिथं ट्रे उलटा करून बघायचा नाही. सोनईला तुम्ही पुतणीच्या सासऱ्यांच्या धोतरावर चहा सांडलाय." नाना म्हणाले, "नाही करणार." मामा म्हणाला, "लिहून घे ताई."

श्रीरामपूरपर्यंत एस.टी. आणि पुढं रेल्वे. गोदावरी त्या साली वाळूतून एका काठानं वाहत होती. घर चांगलं होतं. पुढं ओटा, आत मोठी खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या. दुपारचं ऊन जमिनीवर चौकोनी पडलेलं. मी मनात सगळं लिहून घेत होते: उजेड भरपूर, आड मागच्या अंगणात, उजवीकडच्या खिडकीला रुंद कठडा, तिथं आक्का बसेल. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, पाण्याबद्दल आणि कालव्याबद्दल बोलत होते. मग मुलाची धाकटी बहीण चहा घेऊन आली.

हिरवा ट्रे. त्यावर शेवंतीची तीन फुलं, पांढऱ्या पाकळ्या, पिवळा गाभा. मधल्या फुलाचा पिवळा रंग रेषेबाहेर डावीकडं सांडलेला.

नानांनी कप उचलला, पण त्यांची नजर ट्रेवरच राहिली. आईनं घसा खाकरला. नाना शांतपणे म्हणाले, "हा ट्रे छान आहे. कुठला?"

मुलाची आई दाराशी बसली होती. ती जराही न थांबता म्हणाली, "माझ्या भावानं दिला. नाशकाहून आनलेला. लई वर्सं झाली."

नाना "हं" म्हणाले आणि चहा प्यायले. कप गोळा झाले तेव्हा मी उठले, आणि "मी नेते" म्हणून तो ट्रे आत घेऊन गेले. स्वयंपाकघरात क्षणभर कुणी नव्हतं. मी कप बाजूला ठेवले आणि ट्रे उलटा केला. काठाजवळ खिळ्यानं कोरलेला सतरा होता.

परत येताना आई आणि मामा पुढच्या बाकावर, लग्न कुठल्या महिन्यात धरायचं ते बोलत होते. मी नानांच्या शेजारी होते.

"नाना, तो सतरा नंबर होता."

"उलटा केलास?"

"आत नेऊन. कुणी बघितलं नाही."

"शेवंती बघितली तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले, आणि नेवासं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन मी वही उघडली. सतरा नंबरची नोंद नानांच्या अक्षरात होती. नक्षीचं वर्णन, आणि शेवटी: हिरास, लग्नानिमित्त. हिरा ही नानांच्या आधीच्या शाळेतली, नेवाशापलीकडच्या वाडीवरची मुलगी. लहानपणी आमच्या घरी पाढे म्हणायला यायची. तिच्या लग्नाला नाना जाऊ शकले नव्हते. तिच्या भावाच्या हाती ट्रे पाठवला होता. गोदावरीकाठी कुठं तरी दिली, एवढंच कानावर आलं होतं. तो ट्रे त्या घरात होता, म्हणजे हिरा त्या घरात नांदायला आली होती. आणि प्रभाकरचं हे पहिलंच लग्न आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. पहिल्या बायकोची प्रत्येक वस्तू त्यांनी नजरेआड केली असणार. ट्रे कुणी ओळखील, हे जगात कुणाच्या डोक्यात येईल?

शुक्रवारी बाजारात हिराचा बाप बैल घेऊन आला होता. नाना त्याच्याशी बराच वेळ बोलत उभे होते. रविवारी ते मला घेऊन चालतच शनिशिंगणापूरला गेले. हिराच्या मावशीचं तिथं देवळाजवळ तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं आणि मागं घर. घराला चौकट होती, दार नव्हतं, तिथल्या सगळ्या घरांसारखं. हिरा माळा ओवत बसली होती. नानांना बघून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि पाया पडली.

"गुरुजी, तुमी? आन् ही धाकटी न्हवं? केवढी झाली."

"पुणतांब्याला असतेस ना तू?"

"व्हय. सासर तिथलंच हाय. मावशीचं पाय दुखत्यात म्हनून आले जरा."

आतून मावशी म्हणाली, "दीड वरीस झालं दुखायला."

हिरा खाली बसली. रुईचं एक पान तिनं उगाच उलटंसुलटं केलं. मग सांगितलं. चार वर्षांत मूल झालं नाही, सासू म्हणाली जा, बोलावू तेव्हा ये. वाडीवर लोक विचारतात म्हणून बापानं इथं आणून ठेवलं. "मालक वाईट न्हाईत, गुरुजी. आईपुढं त्यांचं चालत न्हाई. एकदा येऊन गेले, देवाला म्हनून. बोलले माझ्याशी." तेवढ्यावर ती दीड वर्ष बसली होती. तिनं विचारलं, "तुमी कसं आलात पन?"

नानांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "माझ्या सुमनला त्या घरातून मागणी आली आहे."

बाहेर कुणी तरी तेल मागत होतं. मावशी उठून गेली. हिरानं हातातलं पान माळेत ओवलं आणि म्हणाली, "सुमनताई लई चांगल्या हायेत." मग, "देनार हाय का तुमी?"

"नाही."

"मग माझं नाव नका काढू. ते म्हनतील हिनंच मोडलं. मग मला कदीच न्यायचे न्हाईत." तिनं हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. दार नसलेल्या घरात माणसं जशी बोलतात तशी बोलत होती. "सुमनताईस्नीबी नका सांगू. वाईट वाटलं तर कुनाजवळ तरी बोलतील त्या. पुनतांब्याला पोचायला किती वेळ लागतो?"

नानांनी तिला शब्द दिला. परतीच्या वाटेवर, बाभळींच्या सावलीत थांबून, माझ्याकडूनही घेतला. "हिरा आहे तोपर्यंत," ते म्हणाले. "सुमनला दुसरं स्थळ येईल. हिराला दुसरं घर नाही." नाना आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या खात्रीनं बोलले. ही त्यातली एक, आणि ती चुकली.

पुणतांब्याला त्यांनी कार्ड टाकलं, काही घरगुती कारणानं जमत नाही. घरात सांगितलं, संध्याकाळी, चुलीपुढं, सगळे जेवायला बसले असताना. आक्का भाकरी भाजत होती.

"काय कमी होतं, नाना?"

"घर पसंत नाही मला."

"आणि माणूस?"

"घर पसंत नाही."

आई ताट सरकवून म्हणाली, "मी सांगते काय झालं ते. त्या मेल्या ट्रेकडं टक लावून बसले होते. कुठला म्हणून विचारलंसुद्धा. रंग सांडलेला दिसला असेल, झालं. उतरलं घर मनातून."

नाना भाकरी मोडत राहिले. आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपायला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू तर नीट बघून आलीस ना? सांग, काय वाईट होतं त्या घरात?"

मी म्हणाले, "उजेड कमी होता."

मला दुसरं काही सुचलं नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. त्या खिडक्यांमधून जमिनीवर पडलेलं ऊन मला अजून जसंच्या तसं दिसतं.

मामानं गावोगाव ही गोष्ट हसत सांगितली, की आमचे भाऊजी ट्रे बघून सोयरीक ठरवतात. त्यानंतर स्थळं यायची थांबली. सखूकाकूंनी ट्रे मागणं बंद केलं. त्या नानांना टाळतात असं मला वाटे, पण खरं तर त्यांनीही स्टीलचा घेतला होता. नानांनी पुन्हा एकही ट्रे आणला नाही. शुक्रवारी ते बाजाराच्या त्या कडेला जात नसत. दिवाळीनंतर हिराचं पत्र आलं, गुरुजींस नमस्कार, मी पुणतांब्यास सुखरूप पोचले आहे. नानांनी ते दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं का, ते मी आठवून बघते. नाही आठवत. फक्त एवढं आठवतं, की त्या दिवशी ते आक्काच्या हातची भाकरी खूप सावकाश खात होते.

आक्का शिवणकामाचा वर्ग घ्यायला लागली. ती नानांशी भांडली नाही. कामापुरतं बोलायची. पाणी तापलंय. जेवायला वाढलंय. तुमचं पत्र आलंय. बावीस वर्षं एका घरात ती दोघं अशी राहिली. आई मध्येच गेली, माझं लग्न होऊन मी नगरला गेले. दर सुट्टीत मी घोडेगावला यायचे, आक्काच्या अंथरुणात निजायचे, आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवून उठायचे. एकदा मी नानांना म्हटलं, "आता तरी सांगूया." हिराला तोवर मोठी मुलं होती. नाना म्हणाले, "शब्द मुलांच्या वयावर दिला नव्हता." शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा सगळं आक्कानंच केलं, अगदी अंघोळसुद्धा. पण ते जाताना तोंडात पाणी मी घातलं. आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नाना माझ्याकडं बघतच नव्हते.

माझे यजमान गेल्यावर आक्का नगरला माझ्याकडं राहायला आली. आम्ही दोघी बारा वर्षं एकत्र होतो. मागच्या वर्षीच्या आधीचा हिवाळा. सकाळी वर्तमानपत्रात दशक्रिया विधीच्या जाहिरातींत मला हिराचं नाव दिसलं, खाली पुणतांबा, खाली मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं. मी पेपर घडी करून ठेवला आणि जेवणं होईपर्यंत थांबले. दुपारी आक्का गॅलरीत उन्हाला बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. ट्रे, आकडा, शिंगणापूर, हिरा काय बोलली, नाना बाभळीखाली काय बोलले.

तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "हिराला मुलं किती?"

"तीन. नातवंडं आहेत."

"बरं झालं." काडी वेगळी, पान वेगळं. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मीच नाही म्हणाले असते. हिरासाठी. कुणाजवळ बोललेही नसते. त्यांना वाटलं मी रडेन आणि सांगत सुटेन. एवढंच ओळखलं त्यांनी मला."

मी म्हटलं, "त्यांनी शब्द दिला होता, आक्का."

"हो. तिला दिला." "आणि तू? तू तर माझ्या कुशीत निजायचीस."

तिनं निवडलेली मेथी उचलली आणि धुवायला आत गेली. त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. त्या सव्वा वर्षात ती माझ्याशी अगदी पूर्वीसारखीच बोलली. माझ्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवल्या, पेपरमधली कोडी मला वाचून दाखवली, थंडीत माझ्या पायांवर तिची शाल टाकली. नानांना जी शिक्षा दिली ती तिनं मला दिली नाही. दिली असती, तर आज तिच्या मागं राहणं मला थोडं सोपं गेलं असतं.